दुर्मिळ काय, हे लिलावाला विचारू नका
(नाणेसंग्रहांची क्रमवारी लावणाऱ्या आपल्या संघटनेच्या गुणांकन समितीस खुले पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गुणांकन समिती

स. न. वि. वि.

समितीने ‘दुर्मिळता भार’ या नावाचा नवा तक्ता सभासदांना पाठवला. तो मागच्या हंगामापासूनच लागू धरला आहे, हे त्याच पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, समितीचा निर्णय अंतिम आहे. निर्णय अंतिम असायला माझी ना नाही. पण तो कशावरून घेतला हे सभासदाने विचारूच नये, हे मला पटत नाही. म्हणून आता हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

माझा स्वार्थ आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाला तो शोधत बसायला नको. मी १८३५ ते १९४७ या काळातले रुपये जमवतो, आणि शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. साताऱ्यात आमची सराफी होती. लहानपणी खेड्यांवरून बायका राणीछाप रुपये घेऊन दुकानात यायच्या. काही सुटे असायचे, काही माळेत ओवलेले, काठाला कडी डाखलेले. वडील रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकायचे. कलदार असला की तराजूत, तराजूतून मुशीत. साल बघायचं कुणाला सुचतही नव्हतं. रुपये कसे नाहीसे झाले ते मी असं डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि या छंदात पडलो तो त्यामुळेच. नव्या तक्त्याने माझा रुपयांचा संच पहिल्या पानावरून बराच खाली ढकलला. झोंबलं. पण मला झोंबलं एवढ्यानं पुढचे मुद्दे खोटे ठरत नाहीत.

ज्यांनी तक्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संचातल्या प्रत्येक जागेला, म्हणजे ठरावीक सालाच्या किंवा प्रकाराच्या नाण्याला, १ ते १० असा भार दिलेला आहे. नाण्याची प्रत ७० पैकी जी ठरेल तिला या भाराने गुणायचं आणि सगळ्या जागांची बेरीज करायची. ही रीत आपल्या समितीची नाही. अमेरिकेत पीसीजीएस या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपनीच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संचांच्या क्रमवारीत, असे भार फार आधीपासून आहेत, आणि रीतीत मुळात वाईट काही नाही. ७० पैकी ६५ ची प्रत सोप्या सालाची असो की अवघड सालाची, दोन्हींना सारखंच मोजणं हाही अन्यायच झाला असता. अडचण त्या गुणायच्या आकड्याची आहे. तो कुठून आणला? तळटीप म्हणते, ‘अलीकडील लिलावांतील किमतींवरून’.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे. नाणं किती उरलं आहे आणि नाण्याला किती लोक पैसे मोजायला तयार आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी समितीने एक करून टाकल्या.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. बाजारात त्याला ‘पिग रुपी’च म्हणतात. राजाच्या झग्यावर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरची माळ आहे, तिच्यात हत्ती आहे. सोंड इतकी आखूड पडली की तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. ओरड झाली, सरकारने नाणी परत घेतली, १९१२ ला हत्ती सुधारून नवा साचा आला. पाडले होते ९४ लाखांच्या आसपास, लोकांच्या हातात गेले होते ७ लाखांच्या आसपास, बाकीचे वितळवले. कागदावर गोष्ट मोठी झकास आहे. पण किस्सा गाजला म्हणूनच ज्याच्या हाती तो रुपया लागला त्यानं तो जपून ठेवला. आज कोणत्याही नाणे प्रदर्शनात चार टेबलं फिरा, मिळतो. नवशिक्याला आधी तोच हवा असतो, म्हणून लिलावात भाव खातो. समितीच्या तक्त्यात त्याचा भार त्याच काळातल्या कितीतरी अवघड नाण्यांपेक्षा जास्त आहे. तो भार त्या गोष्टीचा आहे, नाण्याचा नाही.

परदेशातलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत पाडलेला १९०३ चा मॉर्गन छापाचा चांदीचा डॉलर बघा. कित्येक वर्षं न वापरलेल्या प्रतीत तो मिळतच नाही असं धरलं जायचं आणि त्याची किंमत त्या मालिकेत वरच्या पायरीवर होती. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून सीलबंद थैल्या बाहेर आल्या आणि भाव पार कोसळला. त्या दिवशी नाणी नव्याने पाडली गेली नव्हती. होती तेवढीच होती. आपल्या रीतीने तेव्हा क्रमवारी लावली असती तर त्या डॉलरचा भार दहावरून दोनवर आला असता आणि संग्रह तोच असूनही माणसं वरखाली झाली असती.

जाता जाता एक सांगतो, कारण हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. मॉर्गन डॉलरची कितीतरी सालं आज अवघड आहेत त्यात आपलाही हात आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयाच्या चांदीचा तुटवडा पडला. सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानसाठी विकली. आपल्या १९१८, १९१९, १९२० च्या रुपयांची जी रेलचेल आहे ती त्याच काळातली. तिकडचं दुर्मिळ आणि इकडचं सोपं एकाच भट्टीतून निघालं. लिलावाच्या भावात यातलं काहीही दिसत नाही.

आता १९३९ चा रुपया. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत तो सगळ्यांत अवघड आहे, यावर वाद नाही. पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी बारा भागांत अकरावरून थेट निम्म्यावर आली, आणि जास्त चांदीचे ते रुपये बाहेर पडलेच नाहीत किंवा गोळा होऊन गेले. त्याला भार १० दिला. ठीक. पण गणित करून बघा. ६२ प्रतीचा १९३९ चा एक रुपया ६२० गुण देतो. भार १ असलेल्या सालांचे ६२ प्रतीचे दहा रुपये मिळून तेवढेच गुण होतात. एक चेक लिहिणारा आणि दहा सालं दहा गावांतून शोधणारा, दोघे एका पायरीवर. आणि चेकवाल्याच्या पुढे जायचं तर शोधणाऱ्यालाही शेवटी चेकच लिहावा लागतो.

यातून आणखी एक गोष्ट होणार, आणि व्यापारात वावरणाऱ्या समिती सदस्यांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९३८ चा रुपया सहज मिळतो. नाण्यावरच्या इंग्रजी आठच्या (8) खालच्या वेटोळ्याची डावी बाजू कोरून काढली की नऊ (9) होतो. भिंगाखाली धरला तर त्या जागी नाण्याची जमीन किंचित खोल गेलेली आणि निराळ्या चकाकीची दिसते, नऊचं शेपूट कडेला खरखरीत लागतं. पण भिंग धरतो कोण? एका जागेवर एवढे गुण ठेवले की कोरणाऱ्यांचा धंदा चालतो.

दुसरी तक्रार १८६२ च्या रुपयाची. ही जरा सावकाश वाचावी अशी विनंती.

राणीच्या १८६२ सालच्या रुपयाला तक्त्यात एकच जागा आहे आणि भार १. कारण लिलावात तो स्वस्त जातो आणि पाडलेल्यांचा आकडा प्रचंड आहे. पण १८६२ हे साल १८६२ पुरतं नव्हतंच. साचे १८७४ पर्यंत त्याच सालाचे राहिले. त्या बारा-तेरा वर्षांतले रुपये वेगळे काढायचे तर मुखवट्याचे प्रकार बघावे लागतात, मागच्या नक्षीचे प्रकार बघावे लागतात, आणि मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला टाकलेले बारीक ठिपके मोजावे लागतात. ठिपका कधी सालाजवळच्या वेलबुट्टीत बुडालेला असतो. कधी झिजून नुसता फुगवटा उरलेला असतो, बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. नाणं उजेडात तिरकं धरून फिरवत राहायचं, मग एकदम दोन ठिपके समोर येतात. त्यातली काही जुळणी मला रस्त्यावरच्या ढिगात मिळाली आणि नंतर नामांकित लिलावांच्या याद्यांत कधी दिसलीच नाही. लिलावात दिसत नाही म्हणून तिला भाव नाही, भाव नाही म्हणून भार १. म्हणजे जे नाणं बाजारात येतच नाही इतकं दुर्मिळ आहे, ते समितीच्या हिशोबाने सगळ्यांत सोपं! ही चूक साधी नाही, उलटीच आहे.

तीच गत कंपनीच्या १८४० च्या रुपयाची. तेही साल वीसेक वर्षं गोठलेलं होतं. हारातली फळं मोजून प्रकार लावणारी माणसं आपल्या संघटनेत आहेत. तक्त्यात त्यांच्यासाठी जागा नाही. १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या रुपयावर गळ्याखाली कोरलेली अक्षरं वेगवेगळी आहेत, तिथे मात्र समितीने जागा वेगळ्या केल्या आहेत, कारण ती अक्षरं लिलावाच्या यादीत छापून येतात.

पाडलेल्या संख्येबद्दल थोडं. समितीतले एक सदस्य मला फोनवर म्हणाले, भाव नको तर टाकसाळीचे आकडे घेऊ. तेही नकोत. एक तर ते आकडे सरकारी वर्षाचे, एप्रिल ते मार्च. नाण्यावरचं साल आणि हिशोबातलं साल जुळेलच असं नाही. दुसरं, किती पाडले यापेक्षा किती गाळले हे मोठं. १९४० च्या दशकात राणीचे, एडवर्डचे, पंचम जॉर्जचे जास्त चांदीचे रुपये एकामागून एक चलनातून काढले. युद्धात अमेरिकेने उसनी दिलेली सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी परत करायची होती, त्यासाठी १९४० ते ४५ चे निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून कलकत्त्याला गाळले. जे सरकारच्या हाती लागले नाहीत ते आमच्यासारख्यांच्या मुशीत गेले. सालवार नोंद यातल्या कुणीही ठेवली नाही.

आणि ज्याला आपले सभासद ‘पॉप रिपोर्ट’ म्हणतात, तो तर मोजूच नका. तो प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांचा आकडा, आणि तो फक्त स्लॅबमध्ये, म्हणजे त्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, बंद झालेली नाणी मोजतो. १९६४ चं ॲल्युमिनियमचं तीन पैशांचं नाणं कोण स्लॅब करून घेईल? नाण्याच्या कितीतरी पट फी. मग रिपोर्टात त्याचे चार नग दिसतात आणि ते दुर्मिळ ठरतं. उलट महागडं नाणं प्रत वाढेल या आशेनं स्लॅब फोडून पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, तेव्हा एकाच नाण्याचे तीन होतात.

शिवराईबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो आहे. राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पार एकोणिसाव्या शतकापर्यंत किती टाकसाळींत, किती हातांनी पाडलं गेलं याचा थांग नाही. साल नाही, टाकसाळीचं नाव नाही. जमवणारा अक्षरांवरून जातो. ‘शिव’ आहे की ‘सिव’ की ‘शीव’, ‘छत्रपति’ कुठे तुटलं आहे, कडेचे मोती कसे आहेत, फूल आहे की त्रिशूळ, दुदांडी (दोन रेघांची) आहे का. यातल्या काही तऱ्हा पैशाला पासरी आहेत आणि काहींचे दोनचार नग सगळ्या जमवणाऱ्यांना मिळून माहीत आहेत. समितीच्या तक्त्यात मात्र एवढंच लिहिलं आहे: ‘शिवराई, भार १’. कारण पुण्याच्या जुन्या बाजारात ती मुठीने मिळते. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाला मात्र भार १०. होन खरोखरच दुर्मिळ आहे, पण बाजारात जे होन फिरतात त्यातले बहुतेक कालपरवाचे आहेत, आणि तक्त्यात अस्सलपणाची अट कुठेच लिहिलेली नाही. री-स्ट्राइकबद्दलही तेच. ब्रिटिश काळातले प्रूफ, म्हणजे खास चकचकीत पाडलेले, रुपये टाकसाळींनी नंतर संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिले, ते आणि मूळचे एकाच जागेत, एकाच भाराने बसवले आहेत.

शेवटची तक्रार तक्त्याची नाही, वागण्याची आहे. हंगाम संपल्यावर नियम बदलून मागची क्रमवारी पुन्हा लावली. शाळेत पेपर तपासून झाल्यावर कोणता प्रश्न किती गुणांचा हे ठरवलं तर पालक शाळेत येऊन बसतील. समितीतले काही जण व्यापारी आहेत, त्यात मला काही गैर वाटत नाही. नाण्यांची पारख त्यांनाच जास्त असते आणि माझ्या संग्रहातली कितीतरी नाणी त्यांच्याकडूनच आली आहेत. पण ज्या नाण्याचा भार वाढवायचा त्याचे नग आपल्याकडे विक्रीला असतील, तर ते सांगावं आणि त्या जागेच्या मतदानातून बाजूला बसावं. मी कुणावर आरोप करत नाही. ही चाल पडली तर आरोप करायला कुणाला जागाच राहणार नाही.

कुणी म्हणेल, क्रमवारीच ती, एवढं काय? क्रमवारीवर आता प्रदर्शनात टेबल मिळतं. संग्रह विकायची वेळ आली तर व्यापारी आधी क्रमांक विचारतो. आणि नव्याने आलेली मुलं तक्ता बघून पैसे घालतात. माझ्याकडे येणारा एक मुलगा वर्षभर शिवराईची अक्षरं लावायला शिकत होता. तक्ता आल्यावर मला म्हणाला, काका, यात गुणच नाहीत, मी पिग रुपीसाठी पैसे साठवतो. त्याला मी काय सांगणार होतो?

भावाला काहीच अर्थ नाही असं माझं म्हणणं नाही. अनेक सालांत भाव आणि दुर्मिळता बरोबर चालतात. जिथे चालत नाहीत तिथे समितीने डोळे उघडे ठेवावेत, एवढंच मागणं आहे. ते नेमकं असं:

मागच्या हंगामाची क्रमवारी जुन्या नियमांनीच कायम करावी. नवा तक्ता कधीही येवो, तो पुढच्या हंगामापासून आणि किमान सहा महिने आधी कळवून लागू व्हावा.

भार ठरवताना माहीत असलेल्या नगांची मोजदाद हा पाया धरावा. अमेरिकेत जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी शेल्डनची पट्टी आहे: आर-८ म्हणजे एक ते तीन नग, आर-७ म्हणजे चार ते बारा, आर-६ म्हणजे तेरा ते तीस, आर-५ म्हणजे एकतीस ते पंच्याहत्तर. तशीच पट्टी आपल्याला चालेल. नग कसे मोजायचे? सभासदांनी आपापल्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन समितीकडे द्यावेत. हे काम व्यापारी, संग्रहालयं आणि जाणकार यांच्या मदतीने होण्यासारखं आहे. नाशिकजवळ अंजनेरीच्या संशोधन संस्थेत नाणकशास्त्राचं, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासाचं, एवढं काम झालं, त्या परंपरेतली माणसं आजही आपल्यात आहेत. समितीने त्यांना एकदा बोलवावं. मोजदाद झाली नसेल त्या जागेचा भार तूर्त मधला ठेवावा, लिलावाचा नाही.

१८६२ च्या ठिपक्यांना, १८४० च्या प्रकारांना आणि शिवराईच्या तऱ्हांना वेगळ्या जागा द्याव्यात. एकदम सगळ्या शक्य नसतील तर मुंबईच्या ठिपक्यांपासून सुरुवात करावी.

१९३९ चा रुपया, होन आणि समितीला वाटतील अशी आणखी काही नाणी तज्ज्ञांनी हातात घेऊन बघितल्याशिवाय गुणांत धरू नयेत. री-स्ट्राइक वेगळी नोंदवावी.

प्रत्येक जागेच्या भारासमोर कारण लिहावं, दोन ओळी पुरेत. आणि हितसंबंध असलेल्या सदस्याने त्या जागेपुरतं मत देऊ नये, हा नियम लेखी व्हावा.

यातली एकही मागणी खर्चिक नाही. हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती मी सभासद म्हणून नियमाप्रमाणे वेगळी पाठवली आहे. ज्या सभासदांना पटत असेल त्यांनीही पाठवावी. सभेला मी १८६२ चे सगळे रुपये घेऊन येतो, ठिपक्यांप्रमाणे लावून. समितीच्या सदस्यांनी सभा सुरू होण्याआधी अर्धा तास टेबलापाशी यावं. भिंग माझ्याकडे आहे.

कळावे,

आपला,
एक सभासद, सातारा